पोराची सुई, बापाची काडी

ताई, नमस्कार.

मी वाळवा तालुक्यातला शेतकरी. तीन एकर ऊस, दोन म्हशी. घरात आम्ही दोघं, माझे वडील आणि मुलगा. मुलगी गेल्या साली लग्न होऊन गेली. मुलगा २१ वर्षांचा आहे. दोन वर्षं पोलीस भरतीच्या मागं लागलाय. पहाटे पाचला कालव्याच्या रस्त्यानं पळायला जातो, संध्याकाळी जिम. पोरगं कष्टाळू, कधी उलटून बोलणारं नव्हतं.

दिवाळीनंतर फरक पडला. रात्र रात्र जागा असतो, जेवणावर लक्ष नाही, डोळे तारवटलेले. जरा काही बोललं की अंगावर येतो. पंधरा दिवसांपूर्वी हिनं धुवायला घेतलेल्या ट्रॅक पँटच्या खिशात सुई आणि औषधाची छोटी बाटली निघाली. ओळखीच्या मेडिकलवाल्याला दाखवली. म्हणाला, हे बीपी वाढवायचं इंजेक्शन, ऑपरेशनच्या वेळी देतात, जिमची पोरं दम वाढतो म्हणून घेतात.

रात्री त्याला विचारलं. आधी नाही म्हणाला, मग हो म्हणाला. माझा हात उठला, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तर माझ्याकडं बघून म्हणाला, "आबा, तुम्ही दर साली रानात उसाचा वाळका पाला, पाचट पेटवता. अण्णा रात्र रात्र बसून काढतात. ते विष नाही काय? मी माझ्यापुरतं घेतो, तुम्ही सगळ्या घराला पाजता." अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथंच खाटेवर होते. ते काही बोलले नाहीत. मलाही काही सुचलं नाही. वडिलांना धापेचा आजार आहे. डॉक्टरनं पंप दिलाय, पण सवय लागेल म्हणून घेत नाहीत.

विचारायचं असं की, दवाखान्यात नेलं तर बोभाटा होईल, मग भरतीचं काय? दुसरं, एका व्यसनमुक्ती केंद्राची माणसं म्हणतात, आम्ही रात्री गाडी घेऊन येतो, उचलून नेतो, तीन महिन्यांत सरळ करून देतो. देऊ का त्यांच्या ताब्यात? आणि तिसरं, त्याच्या त्या बोलण्याला मी काय उत्तर देऊ? ऊसतोडीची टोळी पंधरा दिवसांत येईल. मला झोप लागत नाही, रात्री उठून फडाकडं जाऊन बसतो. आपण नसतो तर बरं झालं असतं, असं वाटतं.

— एक बाप

*

भाऊ, पुढचं वाचण्याआधी उठा आणि एक काम करून या. तणनाशक, कीडनाशक, उंदराचं औषध, घरात, गोठ्यात, मोटारीच्या खोलीत जिथं कुठं असेल तिथून गोळा करा, पेटीत घाला आणि कुलूप लावा. किल्ली कुणाकडं द्यायची ते शेवटी सांगते.

तुमचा मुलगा जे टोचून घेतोय ते उत्तेजक आहे. ते बंद झालं की पहिले काही दिवस शरीर मागची सगळी थकबाकी वसूल करतं. माणूस तासन्‌तास झोपतो, उठला की खातो आणि मन खोल खोल जातं. कशातच राम वाटत नाही. हे दिवस सरतात, पण त्या दिवसांत विषाची बाटली हाताशी नसावी. मिरजेत एका रुग्णालयात मी समाजसेविका म्हणून सत्तावीस वर्षं काम केलं. फवारणीचं औषध पिऊन आलेली आणि वाचलेली माणसं नंतर माझ्यासमोर बसायची. त्यातल्या कितीतरी जणांनी तो विचार अर्धा तासही केलेला नसायचा. बाटली समोर दिसली, एवढंच.

आता ते इंजेक्शन. मेडिकलवाल्यानं बरोबर सांगितलं. बहुतेक ते मेफेन्टरमिन असावं, बाटलीवरचं नाव एकदा वाचून घ्या. कमरेतून भूल दिली की काही पेशंटचा रक्तदाब झपकन खाली येतो. तेव्हा भूलतज्ज्ञ ते मोजून देतात, शेजारी मॉनिटर चालू असतो आणि नजर त्याच्यावर असते. औषधाची जात अँफेटामिनची. त्यानं छाती मोठी होत नाही, रक्तात जादा ऑक्सिजन येत नाही. थकवा तेवढा कळेनासा होतो. उसाची गाडी चढाला अडली की बैलाला पराणी टोचतात आणि बैल चार पावलं ओढतो. आता बैलाच्या अंगात ताकद वाढली, असं तुम्ही म्हणाल का? तुम्हाला तर बैल माहीत आहे.

पराणी रोज टोचली की काय होतं, तेही तुम्हाला दिसतंच आहे. झोप जाते, भूक जाते, चिडचिड वाढते. नाडी पळत राहते, रक्तदाब चढलेला राहतो. मात्रा वाढत गेली तर काहींना संशय यायला लागतो, कुणीतरी मागावर आहे, कुणीतरी आपल्याबद्दलच बोलतंय. आणि हृदयाच्या स्नायूवर ताण पडत पडत तो कमजोर होतो. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडला, डोकं फुटेल असं दुखायला लागलं किंवा बडबड असंबद्ध झाली, तर गाडीची वाट बघत बसू नका, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना इंजेक्शनचं नाव खरं सांगा. बाटली फेकली नसेल तर सोबत न्या. लाजेनं लपवलेली एक बाटली डॉक्टरांचा फार मोलाचा वेळ खाते.

सुई कुणाची होती, तेही विचारा. जिममध्ये एका सुईवर दोघंतिघं असा प्रकार असेल तर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी लागेल. सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन आणि चाचणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि निकाल त्याच्याच हातात देतात. दंडावर, मांडीवर कुठं गाठ किंवा गळू झालंय का, तेही बघायला सांगा.

मला वाटतं, आपण नशा करतोय हे त्या मुलाला पटलेलंच नसेल. गांजा ओढणारा, एमडी म्हणजे मेफेड्रोनची पावडर घेणारा पोरगा त्याच्या लेखी वेगळा. हा तर पहाटे पाचला उठणारा, दूध पिणारा, पिक्चर सोडून पळायला जाणारा. त्याच्यासाठी ते इंजेक्शन म्हणजे चांगल्या बुटांसारखं एक साधन आहे. भरतीची मैदानी परीक्षा ५० गुणांची, त्यातले २० गुण एकट्या १६०० मीटरला. काही सेकंदांनी गुण खाली येतात आणि एका गुणासाठी मुलं पुन्हा वर्षभर थांबतात. दोन वर्षं घरचं खाऊन पळणाऱ्या मुलाला कुणीतरी म्हणालं असेल, एकदा मारून बघ, टायमिंग उतरतंय. त्यानं मारून बघितलं आणि टायमिंग उतरलंही असेल. म्हणून त्याला "व्यसनी" म्हणू नका. तो शब्द त्याला दुसऱ्याच कुणासाठी वाटेल आणि तिथंच बोलणं संपेल. टायमिंगबद्दल बोला. कितीवर अडकलास, कधीपासून अडकलास, कोण काय म्हणालं, असं विचारा. खेळांमध्ये हे औषध बंदी असलेल्या उत्तेजकांच्या जागतिक यादीत आहे, हे तो मोबाइलवर स्वतः शोधू शकतो. आपल्यापेक्षा मोबाइलवर त्याचा विश्वास जास्त बसेल, त्याचा राग मानू नका.

मारलंत, ते झालं. पुन्हा नको. आणि बोलायचं ते त्याची झोप झालेली असताना, शक्यतो आईच्या उपस्थितीत आणि अण्णांच्या खाटेपासून लांब.

आता बोभाटा. तुमच्या भागातून सांगलीचं सिव्हिल किंवा मिरजेचं सरकारी रुग्णालय सोयीचं. मनोविकार विभागाची ओपीडी कुठं आणि कधी असते ते आधी विचारून घ्या. केसपेपर काढायचा आणि थेट तिथं जायचं. तुम्हाला गावातल्या कुणी रांगेत बघितलंच तर अण्णांच्या धापेसाठी आलोय म्हणा. खोटंही होणार नाही, कारण अण्णांनाही मी नेणारच आहे तिथं, थोडं पुढं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा. त्यात व्यसनातून होणारे आजारही धरले आहेत आणि कलम २३ नं पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. भरतीत चारित्र्य पडताळणी होते ती गुन्ह्यांची. दवाखान्याचा केसपेपर त्यात कुणी मागत नाही. उलट हेच पुढं गेलं, इंजेक्शनं आणून देणाऱ्यांच्या टोळक्यात त्याचं नाव आलं, तर मात्र गुन्हा दाखल होईल आणि ते पुसता येणार नाही. वेळ आहे तोवर उपचार घेण्यातच भरतीही वाचते. गांजा-एमडीसारख्या पदार्थांचा कायदा वेगळा, १९८५ चा. त्यातसुद्धा केवळ सेवन करणारा स्वतःहून उपचाराला आला तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारं ६४-अ हे कलम आहे. तुमच्या मुलाचा विषय तिथवर गेलेला दिसत नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचा गेला असेल, म्हणून सांगितलं.

जायच्या आधी फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि मनाच्या कुठल्याही त्रासासाठी १४४१६, टेलि-मानस. दोन्ही मोफत. १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

रात्री गाडी घेऊन येणाऱ्यांना मात्र नाही म्हणा. साफ नाही. मुलगा २१ वर्षांचा आहे, त्याच्या संमतीशिवाय त्याला असं उचलून नेणं कायद्यात बसत नाही. मर्जीविरुद्ध दाखल करायची वेळ आलीच, तर आधी दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ, आणि तेही सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी. जिवाला धोका असेल अशा वेळेसाठी ती तरतूद आहे. "तीन महिन्यांत सरळ करून देतो" म्हणणाऱ्यांच्या खोलीत काय चालतं, ते मी परत आलेल्या मुलांच्या तोंडून ऐकलंय. साखळीनं बांधायला कायद्यानं बंदी आहे, तरी मनगटावर वळ घेऊन आलेली मुलं मी पाहिली. चांगली केंद्रंही आहेत. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेलं परिवर्तन आहे, पुण्यात अवचट दांपत्यानं १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे. पण तुमच्या मुलाला आत्ता केंद्रात राहायची गरज आहे का, हे ओपीडीतल्या डॉक्टरांनी ठरवू दे. कदाचित घरी राहूनच भागेल. कुठलंही केंद्र बघायला गेलात तर नोंदणी दाखवा म्हणायचं, मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात ते विचारायचं आणि दाखल झाल्यावर भेटायला कधी येऊ हेही विचारायचं. तिसऱ्या प्रश्नाला जिथं आढेवेढे घेतले जातात, तिथून परत फिरायचं.

इंजेक्शन देणाऱ्याच्या दारात जाऊन भांडण करायचं तुमच्या मनात असेल, पत्रात लिहिलं नाहीत तरी. जाऊ नका. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकणं गुन्हा आहे, त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडं किंवा पोलिसांकडं करता येते, पण मुलगा थोडा सावरल्यावर आणि त्याला विश्वासात घेऊन. आपल्या जिल्ह्यात हा विषय आता कोपऱ्यातला राहिलेला नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत कुपवाडमध्ये एमडीचा साठा पकडला आणि मार्चमध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत तर एमडी बनवण्याचा कारखानाच सापडला. द्राक्षं, बेदाणे आणि हळदीसाठी ओळखला जाणारा जिल्हा आपला. मुंबई-पुण्याची पोरं बिघडतात आणि आपली पोरं पळायला जातात, हा समज आता सोडावा लागेल.

असो. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडं येते. माझ्या मते पत्र तुम्ही त्याच्यासाठीच लिहिलंय.

मुलानं ते वाक्य ढालीसारखं वापरलं, हे उघड आहे. अडचणीत सापडलेला माणूस समोरच्याचं दुखरं ठिकाण शोधतो, आणि घरातल्या माणसाला ते शोधावंही लागत नाही. पण ढाल म्हणून वापरलं म्हणून ते वाक्य खोटं ठरत नाही. पाचट आणि इंजेक्शन यांचा एकमेकांशी हिशेब लागत नाही. तुम्ही पाचट पेटवता म्हणून त्याची सुई माफ होत नाही, आणि तो सुई टोचतो म्हणून अण्णांची धाप कमी होत नाही.

मी काही कुठून वेगळ्या जगातून बोलत नाही. माझं माहेर कृष्णाकाठचंच. ऊस गेला की संध्याकाळी वडील पाचट पेटवायचे आणि आम्ही पोरं बांधावर उभी राहून ओरडायचो. तडतड आवाज, आभाळात उडणारी काळी राख, दुसऱ्या दिवशी वाळत घातलेल्या धुण्यावर तिचे डाग. आई चुलीपुढं खोकायची आणि राखेला शिव्या घालायची. तिचा तो खोकला धुराचा आहे, हे मला नोकरी लागल्यावर, छातीच्या ओपीडीत बायकांच्या रांगा बघून कळलं. आणि खरं सांगायचं तर तो वास मला अजून आवडतो. जानेवारीत एसटीच्या खिडकीतून आला की माहेर आठवतं. त्यामुळं तुम्ही काडी लावता म्हणजे तुम्ही वाईट, असं माझ्या तोंडून निघणार नाही.

पण त्या धुरात काय असतं ते सांगते. डोळ्यांना दिसणारी राख त्यातल्या त्यात निरुपद्रवी, ती नाकात, घशात अडकते. खरा त्रास अडीच मायक्रॉनहून बारीक कणांचा. आपला केस त्याच्या पंचवीस-तीस पट जाड असतो. हे कण नाकाला चुकवून फुप्फुसाच्या पार टोकाच्या पिशव्यांत जाऊन बसतात, काही रक्तातही उतरतात. म्हणून धूर दम्यापुरता थांबत नाही, हार्टअटॅक आणि लकव्याचा धोकाही वाढवतो. आपल्या देशानं या कणांची मर्यादा ठरवली आहे, एका घनमीटर हवेत दिवसाच्या सरासरीला ६० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा १५ आहे. २०१९ मध्ये केंद्रानं शुद्ध हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हवा मर्यादेत नसलेल्या शहरांच्या यादीत मुंबई, पुणे, चंद्रपूर यांच्याबरोबर सांगलीचंही नाव होतं. आणि तो हिशेब शहराचा. तुमच्या कालव्यावर हवा मोजणारं यंत्र कुणी लावलेलं नाही. तिथं अण्णांची छातीच काय ते मोजते.

थंडीत आणखी एक होतं. रात्री जमीन गार पडते, तिला लागून असलेली हवाही गार होते आणि वरच्या उबदार हवेखाली अडकून बसते. संध्याकाळी पेटवलेल्या पाचटाचा, गुऱ्हाळाच्या चुलवणाचा, वीटभट्टीचा धूर मग वर जाऊच शकत नाही, अंथरुणासारखा पसरून राहतो. जानेवारीत सकाळी अंकलीच्या पुलावरून नदीकडं बघा, धुक्यात एक करडी पट्टी वेगळी दिसते. ऊन चढलं की ती विरते.

आणि तुमचा मुलगा पळायला जातो पहाटे पाचला.

बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा आत घेतो. जोरात पळणारा त्याच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त, तीही तोंडानं, म्हणजे नाकाची चाळण बाजूला ठेवून. हंगामात त्याचा दम कमी पडत असेल, टायमिंग वाढत असेल, तर त्यात या हवेचा काही वाटा असू शकतो. त्यामुळंच तो इंजेक्शनकडं वळला, असं मी म्हणणार नाही, तसं मला कळायला मार्ग नाही. पण डॉक्टरकडं गेलात की छाती आणि श्वासाची क्षमताही तपासून घ्या. कदाचित त्यालाही अण्णांसारखी थोडी दम्याची प्रवृत्ती असेल आणि त्यावर साधा उपचार असेल. परत पळायला डॉक्टरांनी हो म्हटलं की हंगाम संपेपर्यंत त्यानं ऊन चढल्यावर पळावं. कॉलेज, काम सांभाळून जमत नसेल तर संध्याकाळी लवकर. धूर दिसतोय त्या दिवशी रजा. हे त्याला प्रशिक्षकाच्या भाषेत सांगा, बापाच्या नको.

अण्णांच्या पंपाबद्दल बोलायचंय. नातू सुई घेतो, आजा सवय लागेल म्हणून पंप घेत नाही, आणि दोघंही एकाच छपराखाली. वाचून मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. अण्णांना सांगा, पंपाची सवय लागत नाही. चष्मा लावला की डोळ्याला चष्म्याची सवय लागली असं आपण म्हणतो, पण चष्मा काढला तर डोळे आधी होते तसेच असतात. गोळीतून जे औषध सगळ्या अंगात फिरतं, तेच पंपातून अगदी थोडक्या मात्रेत, जिथं हवं तिथंच पोचतं. पंप दोन प्रकारचे असतात, एक रोज नेमानं घ्यायचा, दुसरा धाप लागल्यावर. अण्णांकडं कोणता आहे ते विचारून घ्या. पंप घेतल्यावर औषध तोंडातच राहत असेल तर स्पेसर नावाची नळी मिळते, म्हाताऱ्या माणसांना ती फार सोयीची. घेतल्यावर चूळ भरायची. आणि धुराच्या दिवसांत तोंडाला बांधलेला टॉवेल काही कामाचा नाही, बारीक कण त्यातून सरळ जातात. एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तर अडवतो, पण धाप असलेल्या माणसाला तो फार वेळ सोसत नाही. त्यांना तेवढ्या वेळेपुरतं खिडक्या लावून आतल्या खोलीत ठेवणं बरं.

आता टोळी येईल. फड पेटवून तोडू द्या, म्हणजे सरसर होईल, सापकिरडाचं भय नाही, असं मुकादम म्हणेल. एन्ट्री, खुशाली म्हणून मागितलेले वरचे पैसे देऊन तुम्ही आधीच वैतागलेले असाल, वर हे. पण जळीत उसाला कारखाना कपात लावतो, हे मुकादमालाही माहीत असतं. हिरवाच तोडा म्हणून ठाम राहा. जनावरांना वाढं, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा हिरवा चाराही मिळेल.

आणि मागं राहील ते पाचट. हेक्टरी आठ-दहा टन धरतात, म्हणजे तुमच्या तीन एकरांत दहा-बारा टन. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र, थोडा स्फुरद, पाऊण ते एक टक्का पालाश आणि तिसरा हिस्सा तरी सेंद्रिय कर्ब. काडी लावली की कर्ब आणि नत्र धुरात जातो आणि तुम्ही पोतं विकत आणता. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणारं पुढचं पीक, ठेवणार असाल तर पाचट सरीत पसरा, बुडखे जमिनीलगत छाटा आणि टनामागं ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्या. तुमच्या रानाला युरियाची दोन पोती लागतील, सुपरची दोन. पाणी पुढं सरकत नाही ही तक्रार खरी आहे. त्यावर एक सरी आड पाचट भरायचं आणि मोकळ्या सरीतून पाणी सोडायचं, असं बरेच जण करतात. मशिननं बारीक तुकडे म्हणजे कुट्टी करून घेतली तर कुजतं लवकर. उंदीर वाढतात म्हणतात, तेही थोडं खरं आहे, तेवढं सोसावं लागतं. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची माणसं फोनवर चांगली माहिती देतात. खोडवा ठेवणार नसाल तर रोटाव्हेटरनं जमिनीत गाडा.

हे सगळं करा, पण पोराशी सौदा म्हणून नको. "मी पाचट जाळत नाही, तू सुई सोड" असं म्हणालात की उद्या त्याची एकदा सुई सुटली नाही, तर तुम्ही काडी लावायला मोकळे होणार, आणि व्यसन सोडताना माणूस एकदोनदा घसरतोच. तुम्ही अण्णांसाठी थांबवा. तो बघत असेल. पहिले दोन आठवडे त्याच्या अंगात त्राण नसेल, त्याला रानात ओढू नका. नंतर कुट्टीच्या मशिनवर उभा राहीन म्हणाला तर राहू द्या.

आणि उत्तर. "तुझं खरं आहे." एवढंच म्हणा आणि गप्प बसा. "तुझं खरं आहे, पण" असं नको. तो "पण" तुमच्या जिभेवर येईल, कारण तुमचंही म्हणणं बरोबर आहे. तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवा, डॉक्टरकडं जायचं बोलताना कामाला येईल. मधल्या वेळात अण्णांच्या खाटेवर जाऊन बसा. ते त्या रात्री काही बोलले नाहीत असं तुम्ही लिहिलंय. ते रागानं गप्प होते असं मला वाटत नाही. त्यांनीही आयुष्यभर पाचट पेटवलं असणार.

किल्ली वहिनींकडं द्या. मुलाकडं नको हे तुम्हाला कळलंच असेल, तुमच्याकडंही नको. पत्राची शेवटची ओळ मी दोनदा वाचली. रात्री फडाकडं एकटे जाऊ नका, झोप येत नसेल तर वहिनींना उठवा आणि जे मला लिहिलंत ते त्यांना सांगा. १४४१६ हा नंबर तुमच्यासाठीसुद्धा आहे, रात्री दोनलाही कुणीतरी उचलतं. ओपीडीत मुलाचा केसपेपर काढाल तेव्हा दहा मिनिटं स्वतःसाठी मागा, झोपेचं सांगा. सोमवारी फार गर्दी असते. मंगळवारी जा, सकाळच्या पहिल्या गाडीनं, तिघंही.